ओळख, ठिकाण आणि सवय : उंदराच्या मेंदूतील दृश्य-स्मृतीची वाटणी

१. प्रश्नाची मांडणी

'स्मरणशक्ती' हा मराठीतील एक सोयीचा शब्द आहे. शाळकरी मुलाला पाढे पाठ होत नाहीत, आजोबांना चष्मा कोठे ठेवला ते सांगता येत नाही, किंवा चाळीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राचा चेहरा ओळखू येत नाही, या तिन्ही प्रसंगी आपण 'स्मरणशक्ती कमी झाली' असेच म्हणतो. त्यामुळे ही शक्ती एकच असावी, ती मेंदूत कोठेतरी एका जागी साठत असावी आणि एखाद्या औषधाने ती सर्वत्र सारखीच वाढत असावी, असा समज नकळत रूढ होतो. गेल्या सुमारे शंभर वर्षांत उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी हा समज टप्प्याटप्प्याने मोडीत काढला आहे. पाहिलेली वस्तू ओळखणे, पाहिलेल्या खुणांच्या आधारे जागा शोधणे आणि विशिष्ट खूण दिसताच ठरावीक कृती करणे ही तीन वेगवेगळी कामे असून मेंदूचे वेगवेगळे प्रदेश त्यांना मुख्यत्वे आधार देतात, असे या प्रयोगांवरून दिसून येते. मराठी बोलणाऱ्याला हा भेद अपरिचित नाही. 'ओळख', 'ठिकाण' आणि 'सवय' हे तीन शब्द आपण रोजच्या व्यवहारात कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही.

प्रस्तुत लेखात या तीन कामांची मेंदूतील वाटणी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाच्या ओघात दिल्ली आणि तिच्या परिसरातील संस्थांमध्ये झालेल्या, अथवा तेथील संशोधकांशी निगडित असलेल्या कार्याचा विशेष निर्देश येईल. प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीतील 'उंदीर' हा शब्द प्रयोगशाळेतील दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. त्यांपैकी रॅट हा मोठा, पूर्ण वाढ झाल्यावर पाव ते अर्धा किलो वजनाचा प्राणी. तर माऊस हा जेमतेम वीस ते चाळीस ग्रॅमचा. पुढील विवेचनात केवळ 'उंदीर' असे म्हटले असेल तेथे रॅट समजावा. माऊस अभिप्रेत असेल तेथे तसे नमूद केले आहे.

२. 'केंद्र' या कल्पनेचा मोह

मेंदूच्या कोणत्या भागाचे काम कोणते, हे शोधण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे तो भाग निकामी करून काय बिघडते ते पाहणे. यास क्षती-प्रयोग म्हणता येईल. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचे धोके हे दोन्ही समजून घेण्यासाठी दिल्लीच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या परंपरेतीलच एक उदाहरण उपयुक्त ठरते. बाल कृष्ण आनंद यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत केलेले संशोधन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदराच्या हायपोथॅलॅमस या भागाच्या दोन्ही बाजूंकडील एक लहानसा पट्टा नष्ट केला, तर उंदीर समोर अन्न असूनही खाणे सोडून देतो, असे त्यांना आढळले. या पट्ट्यास 'आहार-केंद्र' म्हटले जाऊ लागले. पुढे आनंद यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाविज्ञान विभागाची उभारणी केली आणि त्या विभागातून मेंदूच्या नियंत्रणकार्यावर दीर्घकाळ संशोधन होत राहिले.

मूळ निरीक्षण आजही खरे आहे. परंतु त्याचा अर्थ पुढे बदलला. १९७१ मध्ये स्वीडनमधील उर्बन उंगरस्टेट यांनी दाखवून दिले की, त्या पट्ट्यालगतून जाणारे डोपामिनयुक्त तंतू तोडले तरीही उंदीर खाणेपिणे सोडतो. म्हणजे क्षती झालेल्या जागी 'केंद्र' असते इतकेच क्षती-प्रयोगावरून सिद्ध होत नाही. त्या जागेतून जाणारी वाटही तुटलेली असू शकते. घरातील दिवा विझला म्हणून वीज त्या बटणात साठलेली होती, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. स्मृतीच्या बाबतीत मात्र हीच चूक वारंवार झाली आहे. म्हणून पुढील सर्व विवेचनात एखादा प्रदेश एखाद्या स्मृतीला 'आधार देतो' असे म्हटले आहे. स्मृती तेथे 'साठते' असे म्हणण्यासाठी अधिक कठोर पुरावा लागतो.

या धोक्यावर संशोधकांनी काढलेला उपाय म्हणजे दुहेरी तुलना. 'अ' प्रदेशाच्या क्षतीने पहिले काम बिघडते व दुसरे शाबूत राहते. उलट 'ब' प्रदेशाच्या क्षतीने दुसरे बिघडते व पहिले शाबूत राहते, असे दाखविता आले, तर ती दोन कामे वेगळी आहेत हे मान्य करणे भाग पडते. उंदीर एकूणच आजारी किंवा मंद झाला, अशी पळवाट मग उरत नाही.

३. उंदराची नजर

दृश्य-स्मृतीचा विचार करण्यापूर्वी उंदराला दिसते काय आणि किती, हे पाहिले पाहिजे. उंदराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याचे दृष्टिक्षेत्र विस्तीर्ण असते. वरून झेपावणाऱ्या शत्रूची चाहूल त्याला लवकर लागते. या व्यापकतेची किंमत तो तपशिलाच्या रूपाने मोजतो. काळ्या-पांढऱ्या रेघांचा नमुना किती बारीक होईपर्यंत रेघा सुट्या दिसतात, यावरून नजरेची तीक्ष्णता मोजतात. रंगद्रव्य असलेल्या उंदराला दृष्टिकोनाच्या एका अंशात रेघांची सुमारे एक जोडी सुटी दिसते. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदराला सुमारे अर्धी. निरोगी मनुष्यास तीस किंवा त्याहून अधिक जोड्या दिसतात. उंदराच्या दृष्टिपटलातील बहुतेक प्रकाशग्राही पेशी मंद प्रकाशासाठीच्या असतात. रंग जाणणाऱ्या थोड्या पेशी दोन प्रकारच्या असून त्यांतील एक प्रकार आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो.

हा तपशील गौण नाही. भारतातील औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत विस्टार जातीचे पांढरे उंदीर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. माऊसच्या काही वाणांत तर जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत दृष्टिपटलाचा ऱ्हास होऊन अंधत्व येते. अशा प्राण्याला भिंतीवरील खूण पाहून वाट शोधावयास लावले आणि तो चुकला, तर दोष स्मृतीचा की नजरेचा? ज्या प्रयोगात हा प्रश्न विचारलेलाच नाही, त्याचा निष्कर्ष सावधपणे घ्यावा लागतो.

४. डोळ्यापासून बाह्यकापर्यंत

दृष्टिपटलातून निघालेले चेतातंतू मेंदूत दोन प्रमुख दिशांना जातात. एक वाट थॅलॅमसमार्गे मेंदूच्या मागील भागातील दृष्टि-बाह्यकाकडे जाते. दुसरी मध्यमेंदूतील सुपीरिअर कॉलिक्युलसकडे जाते. उंदरात ही दुसरी वाट विशेष भरीव असून नजर वळविणे, दचकणे, पळणे अशा तत्काळ प्रतिसादांशी तिचा संबंध आहे.

दृष्टि-बाह्यकाचा शिकण्याशी असलेला संबंध प्रथम पद्धतशीरपणे तपासला तो कार्ल लॅशली यांनी. १९३० मध्ये त्यांनी उडी मारण्याचा एक मंच तयार केला. मंचावरील उंदरासमोर दोन चित्रपत्रे असत. योग्य पत्र्यावर उडी मारल्यास तो मागे पडे व उंदराला पलीकडचे अन्न मिळे. चुकीचा पत्रा घट्ट बसविलेला असल्याने उंदीर त्यावर आदळून खालच्या जाळ्यात पडे. दृष्टि-बाह्यक काढून टाकलेल्या उंदरांना आकृत्यांमधील भेद शिकता येत नसे. उजेड आणि अंधार यांतील भेद, जो त्यांनी पूर्वी शिकलेला होता, तो ते विसरत. परंतु पुन्हा शिकविल्यास पूर्वीइतक्याच श्रमात शिकत. आकृती जाणण्यास बाह्यक आवश्यक आहे, पण उजेडाशी निगडित साधे अध्ययन मेंदूचे इतर भागही पेलू शकतात, असा याचा अर्थ होतो. आयुष्यभर स्मृतीची खूण मेंदूत शोधूनही ती एका जागी सापडली नाही, अशी कबुली लॅशली यांनी १९५० मध्ये दिली.

दृष्टि-बाह्यक हे केवळ पाहण्याचे साधन आहे आणि लक्षात ठेवण्याचे काम पुढचे प्रदेश करतात, अशी समजूत पुढे बराच काळ होती. मार्क बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माऊसवर केलेल्या प्रयोगांनी तिलाही धक्का दिला. विशिष्ट दिशेने तिरप्या रेघांचा नमुना माऊसला रोज दाखविल्यास, त्या नमुन्याला दृष्टि-बाह्यकातून मिळणारा विद्युत्-प्रतिसाद काही दिवसांत वाढत जातो, असे त्यांनी २००६ मध्ये दाखविले. रेघांची दिशा बदलली की वाढलेला प्रतिसाद दिसत नाही. २०१५ मध्ये त्यांनी याच्या वर्तनातील बाजूची नोंद केली : परिचित नमुना दिसल्यावर प्राण्याची चुळबुळ कमी होते, मात्र दृष्टि-बाह्यकातील चेतासंधींमध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडांमध्ये, बदल घडण्याची प्रक्रिया रोखून धरली तर हा परिचय निर्माणच होत नाही. ओळखीचा अगदी पहिला धागा अशा रीतीने पाहणाऱ्या प्रदेशातच विणला जातो.

५. ओळख

रेघांचा परिचय आणि वस्तूची ओळख यांत अंतर आहे. वस्तू कोणत्याही बाजूने, कमीअधिक उजेडात दिसली तरी 'ही तीच' असे कळणे म्हणजे ओळख. उंदराची ओळख तपासण्याची आज सर्वत्र प्रचलित असलेली कसोटी अब्देलकादर एनासर आणि जाँ देलाकूर यांनी १९८८ मध्ये मांडली. उंदराला मोकळ्या पेटीत दोन सारख्या वस्तू हुंगू-पाहू द्यावयाच्या. काही वेळाने त्यांतील एक तशीच ठेवून दुसरीच्या जागी नवी वस्तू ठेवावयाची. उंदीर जात्याच नवलाईचा भोक्ता. जुनी वस्तू त्याला आठवत असेल तर तो नव्या वस्तूपाशी अधिक काळ रेंगाळतो. यात अन्नाचे आमिष नाही, विजेचा धक्का नाही आणि दीर्घ शिकवणीही नाही.

या कामाला आधार देणारा प्रदेश म्हणजे मेंदूच्या कडेला, हिप्पोकॅम्पसच्या शेजारी असलेले पेरिऱ्हायनल बाह्यक. बॉयर विंटर्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर वर्णिलेली दुहेरी तुलना येथे करून दाखविली. पेरिऱ्हायनल व त्यालगतच्या बाह्यकाची क्षती झालेल्या उंदरांना वस्तू ओळखता येईनात. पण अन्न कोणत्या फाट्यावर मिळते ते शोधण्याचे काम त्यांना जमले. हिप्पोकॅम्पसची क्षती झालेल्या उंदरांचे नेमके उलट झाले. वस्तूची ओळख आणि जागेचे ज्ञान एकमेकांपासून वेगळे होऊ शकतात, हे यावरून स्पष्ट झाले.

६. ठिकाण

हिप्पोकॅम्पसचे कार्य समजावून सांगण्यासाठी रिचर्ड मॉरिस यांच्या जलकुंडाइतके बोलके साधन नाही. मोठ्या गोल कुंडातील पाणी दूध मिसळून गढूळ केलेले असते आणि पृष्ठभागाखाली एक चौथरा लपविलेला असतो. पाण्यात सोडलेला उंदीर पोहत राहतो आणि अखेरीस चौथऱ्यावर पोहोचतो. चौथरा दिसत नाही, त्याला वासही नाही. तेव्हा खोलीतील खिडकी, दार, कपाट अशा दूरच्या खुणा पाहून, त्यांच्यातील परस्परसंबंधावरून चौथऱ्याची जागा ठरवावी लागते. निरोगी उंदीर काही फेऱ्यांतच कोठूनही सोडला तरी थेट चौथऱ्याकडे पोहत जातो. हिप्पोकॅम्पसची क्षती झालेल्या उंदराला हे जमत नाही, असे मॉरिस, जॉन ओकीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. मात्र तोच चौथरा पाण्याच्या वर दिसेल असा ठेवला की तो उंदीरही त्याच्याकडे सरळ जाऊ शकतो. त्याची नजर, पोहण्याचे बळ आणि बाहेर पडण्याची इच्छा ही सर्व शाबूत आहेत. हरवला आहे तो खुणांचा परस्परसंबंध.

या संबंधाची पेशींच्या पातळीवरील बाजू त्यापूर्वीच उघड झाली होती. ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पसमधील अशा चेतापेशींची नोंद केली, की ज्या उंदीर विशिष्ट जागी आला असतानाच उद्दीपित होतात. यांना स्थान-पेशी म्हणतात. २००५ मध्ये मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पसकडे माहिती पाठविणाऱ्या एंटोऱ्हायनल बाह्यकात जागेची नियमित जाळी आखणाऱ्या पेशी आढळल्या. २०१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ओकीफ व मोझर दांपत्य यांना मिळाले ते याच शोधांसाठी.

स्थान-पेशी डोळ्यांवर किती अवलंबून असतात? उजेडात ओळखीच्या जागी आणलेल्या उंदरासमोरील दिवा मालवला तरी त्याच्या स्थान-पेशी आपापल्या जागी उद्दीपित होत राहतात. चालताना शरीराला मिळणारी स्वतःच्या गतीची जाणीव त्यांना पुरते. पण डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा आणि पायांखालच्या खुणा यांच्यात विसंवाद निर्माण केला तर काय होते? राजधानी परिसरातील मानेसर येथे १९९९ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र स्थापन केले. तेथे उंदरांच्या स्थानज्ञानावर प्रयोगशाळा चालविणारे डी. योगनरसिंह यांनी त्यापूर्वी अमेरिकेत जेम्स निरिम यांच्यासमवेत या प्रश्नावर काम केले होते. त्यांच्या प्रयोगात उंदीर एका गोल मार्गावर फिरतो. मार्गाच्या चार भागांचा स्पर्श वेगवेगळा असतो आणि भोवतालच्या पडद्यावर दूरच्या दृश्य खुणा असतात. मार्ग एका दिशेने आणि दृश्य खुणा विरुद्ध दिशेने फिरविल्या जातात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, डोक्याची दिशा दर्शविणाऱ्या थॅलॅमसमधील पेशी एकजुटीने फिरतात आणि मुख्यतः दूरच्या दृश्य खुणांची साथ करतात. हिप्पोकॅम्पसमधील स्थान-पेशींत मात्र दुफळी होते : काही दृश्य खुणांबरोबर जातात, काही पायांखालच्या मार्गाबरोबर, तर काही आपली जागाच बदलतात. 'मेंदूने काय पाहिले' या प्रश्नाला दोन प्रदेश दोन उत्तरे देतात आणि दोन्ही उत्तरे एकाच वेळी एकाच प्राण्याच्या मेंदूत नांदतात.

हिप्पोकॅम्पस हा प्रदेश भ्रूणावस्थेत कसा घडतो, हा याला जोडून येणारा प्रश्न आहे. त्याचा महत्त्वाचा धागा मुंबईत सापडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये माऊसच्या भ्रूणावरील प्रयोगांतून दाखविले की, एलएचएक्स-२ हे जनुक मेंदूतील ऊतीला 'तू बाह्यक हो' असा आदेश देते. भ्रूणाच्या काही ठिपक्यांत हे जनुक निष्क्रिय केले तर ते ठिपके बाह्यक होत नाहीत. ते शेजारच्या ऊतीला हिप्पोकॅम्पस घडविण्यास प्रवृत्त करतात आणि एकाच मेंदूत जादा हिप्पोकॅम्पस-क्षेत्रे तयार होऊ लागतात. प्रदेशांच्या ज्या सीमा आपण नकाशात रेखतो, त्या अशा रासायनिक संवादातून आखल्या गेलेल्या असतात.

७. सवय

तिसरे काम अधिक साधे, पण अधिक चिवट आहे. मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९२ मध्ये जलकुंडातच त्याची परीक्षा घेतली. कुंडात दोन चेंडू तरंगत असत व त्यांवरील नमुने वेगळे असत. एका चेंडूखाली भक्कम आधार होता. दुसऱ्यावर चढू पाहिल्यास तो उंदरासह खाली जाई. एका गटातील उंदरांना विशिष्ट नमुन्याचा चेंडू, तो कोठेही असो, निवडावयाचा होता. दुसऱ्या गटाला विशिष्ट जागेचा चेंडू, त्यावर नमुना कोणताही असो. हिप्पोकॅम्पसचा प्रमुख तंतुमार्ग तोडल्यावर जागेचे अध्ययन बिघडले. मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायेटमची क्षती केल्यावर नमुन्याचे अध्ययन बिघडले. पाणी तेच, पोहणे तेच, डोळेही तेच. तरी 'कोठे' आणि 'कोणते' यांसाठी लागणारे प्रदेश निराळे ठरले.

याच दोन संशोधकांच्या १९९६ मधील प्रयोगाने काळाचे परिमाण पुढे आणले. अधिकचिन्हाच्या आकाराच्या मार्गात एका बाजूस अन्न ठेवून उंदरांना शिकविले. आठव्या दिवशी विरुद्ध टोकाकडून सोडल्यावर बहुतेक उंदीर अन्नाच्या जागेकडे वळले. सोळाव्या दिवशी मात्र ते नेहमीच्याच हाताला वळले, म्हणजे वळणे ही सवय झाली होती. त्या वेळी स्ट्रायेटम तात्पुरते बधिर केले तर ते पुन्हा जागा शोधू लागले. सवय पक्की झाली म्हणून ठिकाणाचे ज्ञान पुसले गेले नव्हते. ते मागे सरले होते. रोजच्या बसथांब्यावरून घर बदलल्यावरही जुन्या घराकडे वळणाऱ्या माणसाचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही.

८. प्रदेशांचे सहकार्य आणि झोप

वाटणी सिद्ध झाली याचा अर्थ हे प्रदेश परस्परांपासून तुटलेले आहेत, असा नाही. दाओयुन जी आणि मॅथ्यू विल्सन यांनी २००७ मध्ये उंदरांच्या दृष्टि-बाह्यकातील व हिप्पोकॅम्पसमधील पेशींची एकाच वेळी नोंद घेतली. जागेपणी मार्गावरून धावताना पेशी ज्या क्रमाने उद्दीपित झाल्या, तोच क्रम नंतरच्या झोपेत दोन्ही प्रदेशांत जुळवून घेत पुन्हा उमटला. दिवसा पाहिलेले दृश्य रात्री दोन प्रदेश जणू एकत्र उजळून पाहतात.

झोपेचे हे कार्य बिघडल्यास मेंदूतील पेशींचे काय होते, या प्रश्नावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बीरेंद्र नाथ मलिक यांच्या प्रयोगशाळेने दीर्घकाळ काम केले. स्वप्नांशी निगडित मानल्या जाणाऱ्या आरईएम निद्रेपासून वंचित ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत सोडियम-पोटॅशियम एटीपेज या एन्झाइमची क्रिया वाढते आणि त्यामागे नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य असते, असे या प्रयोगशाळेने दाखविले. चेतापेशीची उद्दीपित होण्याची क्षमता या एन्झाइमवर अवलंबून असते. परिणामी झोप हरवलेल्या प्राण्याची कसोटी घेताना आपण स्मृतीबरोबरच पेशींची बदललेली अवस्थाही मोजत असतो.

९. 'स्मृती सुधारली' या विधानाचे मोल

आतापर्यंतच्या विवेचनाचा व्यावहारिक कस औषधांच्या संशोधनात लागतो. आयुर्विज्ञान संस्थेच्या औषधशास्त्र विभागातील एम. एच. वीरेंद्र कुमार व वाय. के. गुप्ता यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदरांत स्मृतिभ्रंशासारखी अवस्था निर्माण केली असता मंडूकपर्णीच्या अर्काने त्यांची कामगिरी सुधारली, असे त्यात म्हटले आहे. वापरलेल्या कसोट्यांत धक्का बसलेल्या जागी पुन्हा जाणे टाळण्याची कसोटी आणि उघड्या फाट्यावरून बंदिस्त फाट्यात जाण्यास लागणारा वेळ यांचा समावेश होता. या कसोट्यांत भीतीशी निगडित अमिग्डला या प्रदेशाचाही मोठा वाटा असतो. अर्क उपयोगी ठरला, हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. पण त्यावरून वस्तूंची ओळख किंवा दृश्य खुणांवरून वाट शोधणे सुधारते, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणतात, तर अन्यत्र ब्राह्मी या नावाने वेगळीच वनस्पती ओळखली जाते. एका नावाखाली दोन वनस्पती आणि 'स्मरणशक्ती' या एका शब्दाखाली चार कामे, असा दुहेरी गोंधळ बाजारातील जाहिरातींना सोयीचा असतो.

मानेसरच्या केंद्रातून विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन याहून विचारप्रवर्तक आहे. अल्झायमर रोगाची जनुके घातलेल्या माऊसना अश्वगंधेच्या मुळाचा अंशतः शुद्ध केलेला अर्क तीस दिवस तोंडावाटे दिल्यावर त्यांच्या वर्तनातील दोष आणि मेंदूतील अमिलॉइडचे थर मागे हटले. संशोधकांनी या परिणामाचा माग काढला तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचला : यकृतातील एका ग्राहक-प्रथिनाचे प्रमाण वाढल्याने अमिलॉइडचा निचरा होत होता. मेंदूच्या कार्याला मिळालेला आधार या ठिकाणी मेंदूबाहेरच्या अवयवातून आला. 'सुधारणा कोठे दिसली' आणि 'सुधारणा कोठून आली' हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१०. उंदीर आणि मनुष्य

मनुष्याच्या बाबतीत हाच भेद एका रुग्णामुळे समोर आला. एच. एम. या आद्याक्षरांनी वैद्यकात प्रसिद्ध असलेल्या रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग व शेजारचे प्रदेश १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी काढण्यात आले. विल्यम स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांच्या १९५७ मधील वृत्तांतानुसार त्याला नव्या घटना लक्षात राहीनात. पुढे मिल्नर यांना आढळले की, आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य मात्र तो दिवसागणिक सुधारत होता. आदल्या दिवशी आपण हेच केले होते याची त्याला आठवणही नसे. अल्झायमर रोगात एंटोऱ्हायनल बाह्यक व हिप्पोकॅम्पस लवकर ग्रासले जातात. परिचित परिसरात वाट चुकणे हे पुष्कळ रुग्णांत आरंभीच दिसते, तर हाताला पडलेल्या सवयी बराच काळ टिकून असतात, याचा उलगडा या वाटणीतून होतो. अशा रुग्णाच्या घरच्यांना हे ज्ञान औषधाइतकेच उपयोगी पडू शकते. वस्तूंची जागा न बदलणे व रोजचा क्रम तोच राखणे म्हणजे शाबूत असलेल्या प्रदेशांना काम सोपविणे होय.

तरीही उंदीर म्हणजे लहान मनुष्य नव्हे. तो जग बव्हंशी नाकाने आणि मिशांनी जाणतो, आणि भाषेत गुंफलेली आठवण त्याच्यापाशी नाही. प्रदेशांच्या मांडणीतील साम्य खरे आहे. अनुभवातील साम्य गृहीत धरता येत नाही.

११. समारोप

भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या आणि १९९८ च्या नियमांच्या चौकटीत, संस्थेतील प्राणी-नीतिसमितीच्या संमतीनेच करता येतात. प्राण्यांऐवजी पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे व त्यांच्या वेदना घटविणे ही विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री आज सर्वमान्य आहे. तिच्या दृष्टीने पाहता चुकीची कसोटी हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही. नजर न तपासता, कोणते काम मोजावयाचे ते न ठरविता बळी गेलेला उंदीर व्यर्थ गेलेला असतो.

मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांवर यातून एक लहानशी जबाबदारी येते. 'स्मृतिकेंद्र', 'स्मरणशक्ती वाढली' असे सरसकट शब्द वापरण्याऐवजी कोणत्या प्राण्याची, कोणत्या कसोटीवरील, कोणती स्मृती, हे सांगावे. ओळख, ठिकाण, सवय आणि भीती या चार शब्दांनी यातील बरेचसे काम भागते. हे शब्द नव्याने घडवावे लागत नाहीत; ते घराघरांत बोलले जातात, आणि प्रयोगशाळेने कष्टाने सिद्ध केलेला भेद ते आधीपासूनच जपून आहेत.